लाकडी जमिनीचे घासकाम आणि ‘मूळ स्वरूपा’चा प्रश्न : इंग्लंडमधील घरगुती वास्तुसंवर्धनाचा ऐतिहासिक अभ्यास

बीजसंज्ञा : लाकडी जमीन, घासकाम, वास्तुसंवर्धन, मध्यमवर्ग, अभिरुची.

प्रस्तावना :
वास्तुसंवर्धनाचा इतिहास बहुधा राजवाडे, चर्च व किल्ले यांच्या संदर्भात लिहिला जातो. सामान्य माणसाचे राहते घर आणि त्यातही पायाखालची जमीन हा विषय तुलनेने उपेक्षित राहिला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील अनेक मध्यमवर्गीय कुटुंबांनी जुन्या घरांतील गालिचे उचलले, खालच्या फळ्या यंत्राने घासल्या आणि त्यांवर रोगण चढवून त्या उघड्या ठेवल्या. या कामाकडे जमीन ‘मूळ स्वरूपात’ आणणे म्हणून पाहिले गेले. हे मूळ स्वरूप नेमके कोणत्या काळाचे होते, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

अठराव्या शतकातील जमीन :
अठराव्या शतकातील इंग्रजी घरांत लाकडी जमीन बऱ्याच प्रमाणात उघडी असे. परंतु तिच्यावर चकाकी नसे. मोलकरणी ती वाळूने घासून स्वच्छ करीत. हॅना ग्लास यांच्या १७६० च्या नोकरवर्गासाठीच्या मार्गदर्शक पुस्तकात सुगंधी वनस्पती जमिनीवर पसरून त्या ब्रशाने घासण्याची पद्धत आढळते. पाण्याचा अतिवापर टाळला जाई, कारण ओलाव्याने फळ्या फुगतात व खालच्या तुळया कुजतात. अशा जमिनीचा रंग फिकट, राखाडीकडे झुकणारा असे. ‘घासणे’ ही क्रिया त्या काळी दुरुस्ती नव्हती, तर नित्याची स्वच्छता होती आणि तिच्यामागे नोकरवर्गाचे कष्ट होते.

यंत्रयुग आणि स्वस्त फळी :
सॅम्युएल बेंथम यांनी १७९० च्या दशकात लाकूडकामाच्या यंत्रांची पेटंटे घेतली. अमेरिकेत विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ मध्ये फळीला रंधा मारून तिच्या कडांना खोबण व जीभ पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळविले. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात ब्रिटनने बाल्टिक लाकडावर जबर जकात बसवून कॅनडातील लाकडास उत्तेजन दिले होते. ही जकात टप्प्याटप्प्याने कमी होत १८६६ मध्ये संपुष्टात आली. यंत्रे आणि खुला व्यापार या दोहोंमुळे पाइनची एकसारख्या रुंदीची फळी स्वस्त झाली. व्हिक्टोरियन काळातील ओळघरांत हीच फळी सर्रास वापरली गेली.

ही फळी दिसावी म्हणून बसविलेली नव्हती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. ऐपतदार घरांत तिच्यावर गालिचा असे. चार्ल्स ईस्टलेक यांनी १८६८ मधील गृहसजावटीवरील ग्रंथात भिंतीपर्यंत ठोकलेल्या गालिच्यास विरोध केला आणि मध्यभागी गालिचा व भोवती उघडी जमीन या रचनेचा पुरस्कार केला. आरोग्यविषयक चळवळीनेही धूळ साठविणाऱ्या गालिच्याविरुद्ध मत तयार केले. परिणामी खोलीच्या कडेची पट्टी गडद रंगविण्याची वा तिच्यावर रोगण चढविण्याची रीत रूढ झाली. अशा रोगणांत वापरला जाणारा चपडा मुख्यतः हिंदुस्थानातून, विशेषतः छोटा नागपूर व बंगालच्या परिसरातील लाखेपासून येत असे. मधला भाग मात्र कोराच राहिला.

झाकण्याचा आणि उघडण्याचा काळ :
फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६० च्या दशकात विकसित केलेल्या लिनोलियमने साध्या घरांतील फळ्याही झाकल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्त यंत्रनिर्मित गालिच्यांनी हे काम पूर्ण केले. उघडी फळी ही दारिद्र्याची खूण मानली जाई. दूरदर्शनवरील लोकप्रिय कारागीर बॅरी बकनेल यांनी जुने नक्षीदार दरवाजे सपाट हार्डबोर्डने झाकण्याची कृती प्रेक्षकांना शिकविली. जुने ते लपविणे हेच आधुनिकतेचे लक्षण ठरले होते.

पुढील दोन दशकांत हा प्रवाह उलटला. १९६७ च्या कायद्याने संवर्धनक्षेत्रांची तरतूद केली. १९६९ च्या गृहनिर्माण कायद्याने जुनी घरे पाडण्याऐवजी सुधारण्यासाठी अनुदानाचा मार्ग प्रशस्त केला. कष्टकऱ्यांच्या वस्तीत शिरणाऱ्या मध्यमवर्गाच्या ज्या प्रक्रियेस रूथ ग्लास यांनी १९६४ मध्ये नाव दिले, तिचीच एक घरगुती खूण म्हणजे घासलेली पाइनची जमीन होय. इतिहासकार राफेल सॅम्युएल यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात जुन्यास नव्या रूपात सजविण्याच्या या अभिरुचीची सविस्तर दखल घेतली.

घासकामाचे तंत्र आणि त्याचे मोल :
या कामाची कृती ठरलेली आहे. प्रथम वर आलेले खिळे ठोकून फळीच्या पातळीखाली घेतले जातात. अन्यथा यंत्रावरील कागद फाटतो. मग जाड कणांच्या कागदापासून क्रमाने बारीक कणांच्या कागदाकडे जात, शेवटी लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासले जाते. कडा व कोपरे लहान यंत्राने वा हाताने पूर्ण करावे लागतात. फटींत लाकडी चिपा सरसाने बसवितात. त्यावर तेल, मेण किंवा पॉलियुरेथेन रोगण चढते.

हे सारे वजाबाकीचे काम आहे. प्रत्येक घासणीत फळीची जाडी घटते. खोबण-जीभेच्या फळीत जिभेवरचा थर थोडाच असतो. तो झिजला की कडा चिरफळतात आणि फळीच बदलावी लागते. किडीने पृष्ठभागाखाली पोखरलेले बोगदे उघडे पडतात. करवतीच्या खुणा, जुन्या भिंतींच्या रेषा, कडेची रंगीत पट्टी हे खोलीच्या वापराचे पुरावेही भुशात जातात. जुन्या रंगात शिसे असल्यास ती धूळ घातक ठरते; लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नमूद केले.

याच मुद्द्यावर एक जुना वाद आठवतो. जॉन रस्किन यांनी १८४९ मध्ये जीर्णोद्धाराच्या नावाखालील विध्वंसावर टीका केली होती. विल्यम मॉरिस यांनी १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. चर्चच्या भिंतींवरील जुना गिलावा खरवडण्यास विरोध असल्याने ती ‘खरवड-विरोधी’ या टोपणनावाने ओळखली गेली. चर्चच्या भिंतीस लावलेला हा निकष राहत्या घराच्या जमिनीस शतकभरानंतरही क्वचितच लावला गेला.

निष्कर्ष :
१) घासून चकचकीत केलेली पाइनची जमीन हे व्हिक्टोरियन घराचे मूळ रूप नसून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अभिरुचीची निर्मिती आहे.
२) उघड्या फळीचा सामाजिक अर्थ स्थिर नव्हता, नोकरांचे कष्ट, दारिद्र्य व प्रतिष्ठा असे तिचे अर्थ कालानुरूप बदलत गेले.
३) संपूर्ण घासण्याऐवजी स्वच्छता, स्थानिक दुरुस्ती व मेण यांवर भागविल्यास जमीनही टिकते आणि तिच्यातील पुरावाही टिकतो.

महाराष्ट्रातील वाड्यांच्या कडीपाटांचा अभ्यास करतानाही हा विवेक उपयोगी ठरावा. लाकडाचा जुना पृष्ठभाग हा दस्तऐवज आहे. तो एकदा तासला गेला की पुन्हा वाचता येत नाही.