जामखेडची सरहद्द आणि देणगीचा पैसा

नगर जिल्ह्याचा नकाशा पाहिला म्हणजे जामखेड तालुका आग्नेयेच्या कोपऱ्यात ढकलून ठेवल्यासारखा दिसतो. १९४८ पर्यंत त्याच्या शेजारी मोगलाई होती. खर्ड्याची १७९५ ची लढाई याच तालुक्यात झाली, आणि अहिल्याबाईंचे जन्मगाव चौंडी हेही येथलेच. लढाई आटोपून फौजा परतल्यावर मागे राहिलेल्या कुणब्याचे काय झाले, हे मात्र आमच्या बखरकारांनी क्वचितच विचारले.

या कोपऱ्यात पाऊस बेभरवशाचा. त्यामुळे पोटासाठी गाव सोडणे ही येथील जुनीच रीत होय. १८७६-७७ च्या दुष्काळात सरकारने मोठमोठी कामे काढली. दौंड-मनमाड लोहमार्ग हे त्यांपैकीच एक. त्यांनी पुष्कळांचे जीव वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु काम असेल तेथे मजुराने घरदार टाकून जावयाचे, हा त्या मदतीचा नियम. आणि काम संपल्यावर जो लोहमार्ग उरला, तो जामखेडास शिवलाही नाही!

या पार्श्वभूमीवर डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० साली जामखेडास आरंभिलेला ग्रामीण आरोग्य प्रकल्प पाहावा. त्यांच्यापाशीही देणगीचेच द्रव्य होते, आणि तेही बरेचसे परदेशचे. पण लवकरच १९७२ चा दुष्काळ आला, आणि औषधापूर्वी अन्न व पाणी पाहिजे, हे लोकांनीच डॉक्टरांस शिकविले. मग गावोगाव लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, आणि विंधणविहिरी खोदावयाच्या ठरल्या. विहीर कोठे खोदावी, हा प्रश्न वरवर भूगर्भशास्त्राचा. पण आमच्या खेड्यांत तो जातीचा असतो. आरोळ्यांनी पाण्याच्या जागा दलितवस्तीतच निवडविल्या. तहान लागलेल्या उच्चवर्णीयांस कळशी घेऊन तिकडेच जावे लागले. विटाळावरील शेकडो व्याख्यानांनी जे साधले नसते ते या हातपंपांनी साधले, असे आम्हांस वाटते.

दुसरी गोष्ट याहूनही महत्त्वाची. शिकलेल्या परिचारिका खेड्यात राहावयास तयार होईनात; तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी, असे ठरले. या बाया बहुधा निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. जामखेडास येऊन त्या शिकत आणि शिकलेले गावात वापरीत: बाळंतपण, लसी, जुलाब झालेल्या पोरास मीठ-साखरेचे पाणी. प्रकल्पाच्या नोंदींप्रमाणे १९७१ च्या सुमारास दर हजारी १७६ अर्भके दगावत. पुढील दोन दशकांत तो आकडा तिसाच्या खाली आला. १९७९ साली या दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले. देणगीचा पैसा खर्च होऊन जातो. त्या बाईस आलेले ज्ञान गावातच राहते. दुष्काळी कामांत आणि या कामात मुख्य भेद आम्हांस हाच दिसतो.

तथापि एका ठिकाणी हे सारे अपुरे पडते. आजही दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन या भागातील नवराबायको ऊसतोडीस निघतात. त्या जोडीस नाव 'कोयता'. तान्ही मुले बैलगाडीतून अगर ट्रकमधून बरोबर जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीत राहतात. आरोग्यसेविका गावात असते, पण तिने ज्याचे वजन नोंदवावयाचे, ते मूल दूर कोठेतरी उसाच्या फडात असते.