सीआरपीचा आकडा आणि १९१८ चा न्यूमोनिया

मरोळकरांनो, पोस्ट जरा लांब आहे, पण सवडीने वाचा.

२०२० मध्ये आपल्या सेव्हन हिल्सचं कोविड रुग्णालय झालं, तेव्हा ‘सीआरपी किती आला?’ हा प्रश्न रिक्षा स्टँडपासून सोसायटीच्या गेटपर्यंत पोचला. आता साध्या खोकल्यालाही लोक तो रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर फिरवतात. मी डॉक्टर नाही, बातमीदार आहे. पण हा आकडा आला कुठून, ते सांगावंसं वाटलं. त्याचा जन्मच न्यूमोनियातून झालाय.

१० जून १९१८. मुंबईत सात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात दाखल झाले. त्यातला एक गोदीवर बंदोबस्ताला होता. ती फ्लूची पहिली लाट. सप्टेंबरात दुसरी आली, ती भयंकर. ६ ऑक्टोबरला एका दिवसात शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले. सगळ्यांत जास्त चटका लावणारी गोष्ट म्हणजे, ऐन उमेदीतली माणसं गेली.

त्या साथीत अमेरिकेत दगावलेल्यांच्या फुफ्फुसांचे जपून ठेवलेले नमुने २००८ मध्ये पुन्हा तपासले गेले. निष्कर्ष असा, की बहुतेकांचा जीव फ्लूच्या पाठोपाठ आलेल्या जीवाणूंच्या न्यूमोनियाने घेतला असावा.

आता शरीरात काय होतं ते बघा. न्यूमोकोकससारखा जीवाणू फुफ्फुसात शिरला की तिथल्या पहारेकरी पेशी भोंगा वाजवतात. हा भोंगा म्हणजे सायटोकाइन नावाचे रेणू. टीएनएफ आणि आयएल-१ आसपासच्या रक्तवाहिन्यांना वाट मोकळी करायला सांगतात. आयएल-८ पांढऱ्या पेशींना बोलावून आणतो. आयएल-६ यकृताला निरोप देतो आणि यकृत सीआरपी बनवू लागतं. ताप येतो तोही याच निरोपांमुळे. काम झालं की आयएल-१० ‘आता पुरे’ म्हणतो.

भोंगा वाजलाच नाही तर जीवाणू मोकाट सुटतो. थांबलाच नाही तर फुफ्फुसात पाणी भरतं, रक्तदाब कोसळतो, म्हणजे आपल्याच फौजेच्या हातून आपलंच घर पडतं. फ्लूत आणखी एक घोळ होतो. व्हायरसशी लढायला सुटलेले इंटरफेरॉन जीवाणूंविरुद्धची फळी ढिली करतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय.

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस या दोघांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक पदार्थ सापडला. न्यूमोकोकसच्या ‘सी’ नावाच्या अंशाला तो चिकटायचा. रुग्ण बरा झाला की नाहीसा व्हायचा. तोच आपला सीआरपी. म्हणजे तो भोंग्याचा आवाज किती मोठा आहे ते सांगतो. भोंगा कशामुळे वाजला, हे एकटा तो सांगू शकत नाही.

१९१८ मध्ये डॉक्टरांच्या हाती ना अँटिबायोटिक होतं, ना भोंगा आवरायचं औषध. २०२० मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने व्हेंटिलेटरवरच्या कोविड रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना मात्र फायदा दिसला नाही. २०२३ मध्ये फ्रान्समधल्या चाचणीत गंभीर न्यूमोनियाच्या आयसीयूतल्या रुग्णांना हायड्रोकॉर्टिसोन दिल्यावर २८ दिवसांतले मृत्यू ११.९ टक्क्यांवरून ६.२ टक्क्यांवर आले.

औषध तेच, पण वेळ आणि रुग्ण बघून. २०२१ मध्ये राज्यात काळ्या बुरशीने किती घरं उद्ध्वस्त केली ते आपण पाहिलंय. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइडचा बेताल वापर, ही त्यामागची मोठी कारणं होती.

म्हणून हात जोडून सांगतो. सीआरपीचा आकडा बघून मेडिकलमधून स्टेरॉइड किंवा अँटिबायोटिक परस्पर आणू नका. धाप लागत असेल, पेशंट बरळत असेल, ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला असेल तर रिपोर्टची वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठा. बाळांसाठी न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात मोफत आहे. घरातल्या ज्येष्ठांच्या लशीबद्दल आपल्या डॉक्टरांना विचारा.