‘हृदय बंद पडलं’ हे कारण की वर्णन?

रत्नागिरीतून दक्षिणेला निघालात की सिंधुदुर्ग ओलांडून गोवा येतो. तिथल्या डेम्पो क्लबचा एक सामना आज आपण इतिहासाचं साधन म्हणून वाचूया.

५ डिसेंबर २००४. बंगळूरचं कांतीरवा स्टेडियम, फेडरेशन कपची अंतिम लढत, समोर मोहन बागान. डेम्पोने सामना २-० जिंकला. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षकाशी धडक झाली आणि तो कोसळला. मैदानावर प्रयत्न झाले, रुग्णालयात नेलं, पण तो वाचला नाही. वय अवघं २५.

आता तुम्ही या मृत्यूवर लिहायला बसलात असं समजा. प्रेक्षकाला धडक दिसली, म्हणून दोष गोलरक्षकाकडे गेला. शवविच्छेदनानंतर मात्र हृदयक्रिया बंद पडल्याचं सांगितलं गेलं. मग धडकेचा मुद्दा संपला का? इथेच आपण घाई करतो. हृदय तर प्रत्येकच मृत्यूत बंद पडतं. ते वर्णन झालं. ते का बंद पडलं, हा प्रश्न उरतोच.

त्याची निदान दोन उत्तरं संभवतात. छातीवर नेमक्या क्षणी बसलेला मार निरोगी हृदयाचीही लय बिघडवू शकतो. किंवा आधीपासून लपलेला आजार असू शकतो. २६ जून २००३ रोजी लिऑनमध्ये कॅमेरूनचा मार्क-व्हिवियन फो कुणाचाही धक्का न लागता कोसळला. नंतर त्याच्या हृदयाचे स्नायू जाड झाल्याचं आढळलं. पण फोचं निदान ज्युनियरला चिकटवू नका. साम्य म्हणजे पुरावा नव्हे.

आणि तिसरा प्रश्न, जो बहुतेक जण विचारतच नाहीत: बंद पडलेलं हृदय पुन्हा सुरू का झालं नाही? १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये ख्रिश्चन एरिक्सन असाच कोसळला. लगेच छाती दाबायला सुरुवात झाली, डिफिब्रिलेटरचा शॉक मिळाला, आणि तो पुढे पुन्हा व्यावसायिक फुटबॉल खेळला. हे उपचार मिळाले नाहीत तर जगण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणजे बघा, एकाच घटनेवर तीन प्रश्न, आणि प्रत्येकाची साधनं वेगळी. दोष कुणाचा, यासाठी सामन्याचं चित्रण बघाल. आजार होता का, यासाठी वैद्यकीय अहवाल. मदत किती मिनिटांत पोचली, यासाठी आयोजकांच्या नोंदी आणि हजर असलेल्यांच्या आठवणी. बातमी पहिल्या प्रश्नावर थांबते. पुढचा जीव वाचतो तो तिसऱ्यामुळे.

तेव्हा प्रस्ताव लिहिताना ‘कारण’ हा शब्द आला की थांबा आणि कोणत्या पातळीवरचं कारण ते लिहा. आणि पुढच्या वेळी आपल्याकडच्या कबड्डीच्या सामन्याला गेलात, तर आयोजकांना सहज विचारा: डिफिब्रिलेटर कुठे ठेवलाय, आणि तो वापरता कुणाला येतो? जे उत्तर मिळेल ते तारखेसह लिहून ठेवा. तुमच्या अभ्यासाची पहिली नोंद तीच.