एका दुफळीचे निवारण

पायथन ही संगणकभाषा प्रसिद्ध होऊन चार वर्षे लोटली होती, तेव्हा, म्हणजे 1995 साली, मोठमोठ्या संख्यासमूहांवर गणिती क्रिया करण्याचे सामर्थ्य तिला लाभावे या हेतूने काही शास्त्रज्ञ व अभियंते एकत्र आले, आणि त्यांच्यापैकी जिम ह्युगुनिन या मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील विद्यार्थ्याने ‘न्यूमेरिक’ नावाचा आज्ञावलींचा संग्रह रचला. भाषेचे जनक गिडो व्हान रॉसम यांनी या मंडळींची निकड ओळखून भाषेच्या व्याकरणातच काही भर घातली. वैयाकरणाने प्रयोगकर्त्यांच्या विनंतीस मान देऊन सूत्रे वाढवावीत, ही गोष्ट कोणत्याही भाषेच्या इतिहासात विरळाच!

न्यूमेरिकमधील सरणीची, म्हणजे ‘ॲरे’ची, रचना मला फार सुंदर वाटते. सर्व संख्या संगणकाच्या स्मृतीत एका सलग पट्टीत मांडलेल्या असतात, आणि त्यांच्यासोबत एक छोटीशी नोंद असते: रांगा किती, स्तंभ किती, आणि एका रांगेतून पुढच्या रांगेत जाताना किती बाइट ओलांडावयाचे. या नोंदीत पालट केला की रांगांचे स्तंभ होतात. जमीन जागची न हलता महसूल दप्तरात फेरफार व्हावा, तसा हा व्यवहार. हजार रांगा व हजार स्तंभांच्या कोष्टकात, दर संख्येस 8 बाइट धरल्यास, 80 लाख बाइटांचा मजकूर यत्किंचितही हलत नाही. प्रत्यक्ष आकडेमोड सी व फोर्ट्रान या जुन्या, वेगवान भाषांत लिहिलेली असते, आणि शास्त्रज्ञाच्या हाती राहते ती केवळ सुबोध पायथन.

पुढे मात्र दुफळी झाली. बॉल्टिमोर येथील स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधील खगोलशास्त्रज्ञांना हबल दुर्बिणीच्या अवाढव्य प्रतिमा हाताळावयाच्या होत्या. न्यूमेरिक त्यास अपुरा पडू लागल्याने 2001च्या सुमारास त्यांनी ‘न्युमॲरे’ हा नवा संग्रह सिद्ध करण्यास घेतला. तो मोठ्या सरण्यांना अनुकूल होता, पण लहान सरण्यांच्या बाबतीत मंद. तेव्हा ज्यांचे काम लहान सरण्यांवर चाले, ते जुन्याच संग्रहाला धरून राहिले. सायपायसारखे शास्त्रीय संग्रह न्यूमेरिकवर उभे, खगोलशास्त्रज्ञांची साधने न्युमॲरेवर, आणि जॉन हंटर यांच्या मॅटप्लॉटलिबसारख्या आलेख काढणाऱ्या संग्रहाला उभयपक्षी मध्यस्थी करणारा एक थर बाळगावा लागे. मूठभर लोकांचा हा समाज, आणि त्यातही दोन वहिवाटी.

ही दुफळी मिटविण्याचे काम 2005 साली ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी अंगावर घेतले. त्यांचे संशोधन वैद्यकीय प्रतिमांविषयीचे, आणि त्या वेळी ते युटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठात सहायक प्राध्यापक होते. कायम नेमणुकीच्या वेळी अध्यापकाची पारख शोधनिबंधांवरून होते, इतरांसाठी लिहिलेल्या आज्ञावलीवरून नव्हे, हे ठाऊक असताना त्यांनी न्यूमेरिकचा पाया घेतला, न्युमॲरेमधील गुण त्यात आणले, जुन्या आज्ञावली ‘नमपाय’ या नव्या संग्रहात आणण्याची सोय केली, आणि ऑक्टोबर 2006 मध्ये नमपायची पहिली पक्की आवृत्ती प्रसिद्ध केली. संग्रह सर्वांना मोफत आणि खुला. खर्चास हातभार लागावा म्हणून त्यांनी त्यावरील एक मार्गदर्शक ग्रंथ मूल्य घेऊन विकला, व पुढे तोही सर्वांना खुला केला. 2007 साली त्यांनी विद्यापीठ सोडले. नव्या शोधाइतकेच बुद्धीचे आणि त्याहून अधिक धीराचे हे काम होते, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण येथे यंत्राबरोबर माणसांचेही मन वळवावयाचे होते.

या कामाचे फळ पुढे दिसले. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेतील लायगो या वेधशाळेच्या यंत्रांनी गुरुत्वलहरी टिपल्या. अशा क्षीण लहरी गोंगाटातून वेगळ्या काढण्याच्या पद्धतींवर पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्रीय संशोधनसंस्थेत संजीव धुरंधर व त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे परिश्रम केले होते. लायगोने त्या निरीक्षणाचे आकडे जगाला खुले केले, तेव्हा सोबतची मार्गदर्शक उदाहरणे पायथन व नमपायमध्येच लिहिलेली होती. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या कृष्णविवराच्या पहिल्या प्रतिमेमागेही हाच संग्रह होता. त्रिमितीय आकृत्या दाखविणारा ‘मायावी’ हा याच कुळातील संग्रह तर पुढे मुंबईच्या आयआयटीत अध्यापक झालेल्या प्रभू रामचंद्रन यांचा.

इतक्या थोर कार्यास आधार देणाऱ्या नमपायच्या विकासासाठी पहिले स्वतंत्र अनुदान मिळाले ते 2017 साली, पहिल्या पक्क्या आवृत्तीनंतर अकरा वर्षांनी. तोवर हा कारभार बहुतांशी स्वयंसेवकांच्या फावल्या वेळावर चालला. आपल्या विद्यापीठांतही इतरांसाठी आज्ञावली लिहिणारे असे तरुण अध्यापक आहेत. त्यांच्या बढतीचा विचार करताना अशा कामाची नोंद शोधनिबंधाच्या बरोबरीने घेतली जावी, अशी संबंधितांस माझी आग्रहाची विनंती आहे.