कारखान्याच्या गेटपासून टॉवरच्या गेटपर्यंत

भांडुप आणि मुलुंड यांच्या मधल्या नाहूरची रोजीरोटी अनेक दशके लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांवर चालली. भांडुपचा सिएटचा टायर कारखाना त्यांतलाच. इथल्या कायम कामगाराला १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याचा आधार होता. मुंबई राज्याच्या आदर्श स्थायी आदेशांत नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यातील दोषसिद्धी हे गैरवर्तन मानले गेले. चोरी, अफरातफर त्यात येत. संपात घोषणा दिल्याबद्दल झालेला दंड आपोआप येत नसे. कामगार पट्ट्यात हा फरक फार मोलाचा होता.

सरकारी नोकरीत नियम कडक. पोलीस कोठडीत ४८ तासांहून अधिक काळ राहावे लागले की कर्मचारी निलंबित समजला जातो. शिक्षा झाली तर संविधानाच्या अनुच्छेद ३११ नुसार विभागीय चौकशीविना बडतर्फी करता येते. मात्र करता येते म्हणजे केलीच पाहिजे, असे नाही. दिल्लीतील एका रोखपाल कारकुनाने ५०० रुपये वेळेत भरले नाहीत. घरात आजारपण होते, रक्कम त्याने नंतर परत केली आणि दंडाधिकाऱ्याने त्याला परिवीक्षेवर सोडले. नोकरी तरीही गेली. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा अवाजवी ठरवून त्याला मागील पगारासह कामावर घ्यायला लावले.

पुढे नाहूर परिसरातील बरेच कारखाने बंद पडले, त्या जागांवर टॉवर उभे राहिले आणि कामगारांच्या जागी सुरक्षा रक्षक आले. या नोकरीसाठी पोलिसांची चारित्र्य पडताळणी लागते. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठीचा २००५ चा केंद्रीय कायदा तर न्यायालयाने दोषी ठरवलेल्या व्यक्तीला रक्षक म्हणून नेमण्यास मनाई करतो. गुन्हा कोणता, शिक्षा किती, त्याला किती वर्षे लोटली, अशी वर्गवारी त्या कलमात नाही. जुन्या कामगाराला मिळालेला फरकाचा न्याय इथे हरवला, आणि तोही सर्वांत कमी पगाराच्या कामांपैकी एकात.

उमेदवाराने जुना खटला लपवला, तर काय करायचे, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये घालून दिले: तरुणपणीची घोषणाबाजी किंवा किरकोळ गुन्हा असेल, तर मालक ते लपवणे नजरेआड करू शकतो. १९५८ च्या अपराधी परिवीक्षा कायद्याचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करते. पण ज्याला न्यायालयाने ताकीद देऊन किंवा परिवीक्षेवर सोडले, त्याच्याच वाट्याला ती सवलत येते.