हॉकीचे सार्वकालिक अकरा

भारताचा सार्वकालिक क्रिकेट संघ निवड म्हटलं तर आपल्याकडे शाळकरी पोरगंही अकरा नावं धडाधड सांगेल, वर बारावा गडी कोण यावरून भांडेल. हॉकीचा संघ विचारून बघा. ध्यानचंद... धनराज पिल्ले... जरा थांबून श्रीजेश. चौथ्या नावापर्यंत चहा गार होतो. गेल्या दिवाळीत घरी जमलेल्या भाचे-पुतण्यांना विचारलं तेव्हा गाडी तिसऱ्या नावावरच अडली. ज्या खेळात आपल्याकडे ऑलिंपिकची आठ सुवर्ण, एक रौप्य आणि चार कांस्य पदकं आहेत, त्या खेळाची ही अवस्था! तेव्हापासून हा संघ डोक्यात घोळतोय. आज तो लिहूनच काढतो. तुम्हाला पटणार नाही याची खात्री आहे, आणि असल्या यादीची खरी गंमत तीच.

आधी नियम ठरवू. नियमाशिवाय संघ निवडला की त्याची आरती होते.

पहिला नियम : जागेवर माणूस हवा. पाच उत्तम सेंटर फॉरवर्ड घेऊन संघ होत नाही. मी जुनी मांडणी धरतो : एक गोलकीपर, दोन फुलबॅक, तीन हाफ, पाच फॉरवर्ड. आजचे संघ असे खेळत नाहीत हे मला ठाऊक आहे. ऑफसाइडचा नियम गेला, वाटेल तितक्या वेळा खेळाडू बदलता येऊ लागले, तेव्हा ही मांडणीही गेली. पण आपल्या पदकांपैकी बहुतेक पदकं याच मांडणीने दिली.

दुसरा नियम जास्त महत्त्वाचा. नुसते गोल आणि पदकं मोजायची नाहीत. सामना बरोबरीचा असताना, समोरचा तुल्यबळ असताना भार कोणी उचलला, ते पाहायचं. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये आपण अमेरिकेला २४-१ ने हरवलं. एकट्या रूपसिंगचे दहा गोल, ध्यानचंदचे आठ. पण त्या स्पर्धेत हॉकीचे संघ होते तीनच! मंदीमुळे इतक्या लांब कोणी गेलंच नाही. आणि ब्रिटनचा हॉकी संघ तर १९२८, ३२, ३६ या तिन्ही ऑलिंपिकमध्ये उतरला नाही. राज्यकर्त्यांशी आपली गाठ पडली ती थेट १९४८ साली, लंडनमध्ये, अंतिम सामन्यात, आणि तोवर ते आपले राज्यकर्ते राहिले नव्हते. तो सामना आपण ४-० ने जिंकला. माझ्या हिशेबात त्या चार गोलांचं वजन अमेरिकेवरच्या चोवीसांपेक्षा जास्त आहे.

आता गोलकीपरपासून सुरुवात करू. सगळे फॉरवर्डपासून करतात, म्हणून आपण मागून.

इथे तीन दावेदार. रिचर्ड ॲलन यांच्याकडे १९२८, ३२ आणि ३६ अशी तीन सुवर्णपदकं. १९२८ साली ॲम्स्टरडॅमला भारताने २९ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. अमेरिकेने तो एक गोल केला तेव्हा ॲलन गोलपोस्टमागे प्रेक्षकांना सह्या देत होते अशी दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, त्यांना काम किती कमी होतं ते तिच्यावरून कळतं. दुसरा श्रीजेश. २०२१ साली टोकियोत जर्मनीविरुद्ध ५-४ अशी आघाडी, शेवटचे काही सेकंद, समोर पेनल्टी कॉर्नर, आणि तो याने अडवला. एक्केचाळीस वर्षांनी पदक आलं. २०२४ ला पॅरिसमध्ये ब्रिटनविरुद्ध आपण बराच वेळ दहाच खेळाडूंनिशी खेळलो तेव्हाही हाच उभा होता.

तिसरे शंकर लक्ष्मण. मध्य प्रदेशातल्या महूचे, लष्करात आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीत. १९५६ मेलबर्न, १९६० रोम, १९६४ टोकियो असे ओळीने तीन ऑलिंपिकचे अंतिम सामने ते खेळले, तिन्ही पाकिस्तानविरुद्ध. निकाल पाहा : १-०, ०-१, १-०. म्हणजे तीन अंतिम सामन्यांत मिळून त्यांनी खाल्ला एक गोल! तोही श्रीजेशसारखं हेल्मेट न घालता, पायाला पॅड बांधून आणि छातीवर देवाचं नाव घेऊन. माझा गोलकीपर शंकर लक्ष्मण. श्रीजेश राखीव, आणि त्याला राखीव ठेवताना हात थरथरतो हे कबूल.

हे लक्ष्मण २००६ साली महूमध्येच वारले. पायाला गँगरीन झालं होतं आणि उपचाराला पैसे नव्हते. पद्मश्री होते, अर्जुन पुरस्कार होता, आशियाई सुवर्ण जिंकणाऱ्या १९६६ च्या संघाचे ते कप्तान होते. इतिहास शिकवताना मुलांना सांगायचो की, समाज कोणाला विसरतो यावरूनही समाजाचा इतिहास लिहिता येतो. असो.

फुलबॅकला गर्दी आहे. टॅपसेल, सुरजितसिंग, परगटसिंग, दिलीप तिर्की, आजचा हरमनप्रीत. पॅरिसला त्याने एकट्याने दहा गोल केले. माझी निवड रणधीरसिंग जेंटल आणि पृथीपालसिंग. १९५६ च्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल जेंटल यांचा, पेनल्टी कॉर्नरवर. त्यांच्याकडे तीन सुवर्णपदकं आहेत, पण तो एक गोल पुरेसा आहे. १९६४ च्या अंतिम सामन्यात पृथीपालचा पेनल्टी कॉर्नरचा फटका गोलरेषेवर पाकिस्तानी खेळाडूच्या पायाला लागला, त्यावर पेनल्टी स्ट्रोक मिळाला आणि मोहिंदरलालने तो मारला. नोंद मोहिंदरलालच्या नावावर, पण दार फोडलं पृथीपालने. १९७५ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात बरोबरी साधणारा सुरजित बाहेर राहतो, याचं वाईट वाटतं.

हाफच्या ओळीत उजवीकडे लेस्ली क्लॉडियस. तीन सुवर्ण, एक रौप्य. बिलासपूरचा अँग्लो-इंडियन, मुळात फुटबॉल खेळणारा. त्यावर कोणी वाद घालणार नाही. मध्यभागी जालंधरजवळच्या संसारपूरचे अजितपालसिंग. १५ मार्च १९७५ रोजी क्वालालंपूरला पाकिस्तानला २-१ ने हरवून आपण एकमेव विश्वचषक जिंकला, त्या संघाचे ते कप्तान. त्या सामन्याचं जसदेवसिंग यांचं धावतं वर्णन ज्यांनी रेडिओवर ऐकलं, त्यांना सेंटर हाफ म्हणजे काय ते न पाहताही कळलं असेल. चेंडू फिरून फिरून अजितपालकडेच येत होता.

लेफ्ट हाफ ही मोठी दुर्लक्षित जागा. कोणाचीही यादी बघा, तिथे उरलासुरला माणूस कोंबलेला असतो. मी जोसेफ गालिबर्डी यांना घेतो. १९३६ च्या बर्लिनच्या अंतिम सामन्यात ते याच जागी खेळले. आपल्या सुरुवातीच्या संघांत अँग्लो-इंडियन खेळाडू किती होते हे नावांवरूनच कळतं : ॲलन, टॅपसेल, पेनिगर, गुडसर-कलन, एमेट. रेल्वे, तारखातं आणि त्यांच्या शाळांची मैदानं यांत हा खेळ वाढला. स्वातंत्र्यानंतर यातली बरीच कुटुंबं देश सोडून गेली. जबलपूरकडचे पिअर्स बंधू तर ऑस्ट्रेलियाच्या संघातून ऑलिंपिक खेळले. गालिबर्डी इंग्लंडला गेले आणि २०११ साली तिथेच वारले. त्यांच्या जाण्याबरोबर आपल्या हॉकीचं काय गेलं, याचा हिशेब आपण मांडलेला नाही.

इथेच फाळणीचा प्रश्न येतो. अली दारा १९३६ ला भारताकडून खेळले. सराव सामन्यात जर्मनीने आपल्याला ४-१ ने हरवल्यावर घाबरून भारतात तार केली गेली आणि दारांना तातडीने बोलावून घेतलं. ते उपांत्य आणि अंतिम सामन्यात खेळले. बारा वर्षांनी लंडनला हेच दारा पाकिस्तानचे कप्तान होते! अख्तर हुसेन आणि लतीफ-उर-रहमान यांचं तर आणखी विचित्र. १९४८ ला भारताकडून सुवर्ण, आणि १९५६ ला पाकिस्तानकडून रौप्य. ज्या सामन्यात जेंटलने गोल केला, तोच सामना. मग यांना 'आपल्या' संघात धरायचं का? माझ्यापुरतं उत्तर साधं आहे. ज्याने भारताचा शर्ट घालून घाम गाळला, तो यादीत येतो. पुढे तो कुठे राहायला गेला, हे विचारायचा अधिकार मला नाही. दारा माझ्या अकरांत नाहीत, पण ते फाळणीमुळे नव्हे, कुंवर दिग्विजयसिंग 'बाबू' यांच्यामुळे. राइट इनला बाबू. १९४८ चे उपकप्तान, १९५२ चे कप्तान. दुसऱ्याला गोल करता यावा म्हणून खेळणारा माणूस संघात एक तरी हवा.

सेंटर फॉरवर्ड. ध्यानचंद की बलबीरसिंग? बलबीरनी १९५२ च्या अंतिम सामन्यात हॉलंडविरुद्ध सहापैकी पाच गोल केले. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात पुरुष हॉकीत इतके गोल दुसऱ्या कोणाला जमलेले नाहीत. मग माझ्याच नियमाने बलबीर नकोत का? पण बर्लिन आठवा. सराव सामन्यात हरलेलो, मैदान ओलं, आणि मध्यंतराला आघाडी फक्त १-० ची. तिथून सामना संपला ८-१ वर. त्या स्पर्धेत आपण खाल्लेला एकमेव गोल तो. कप्तान होते ध्यानचंद. तेव्हा ध्यानचंदच. बलबीर राखीव. आणि राखीव बसून सज्ज राहणं त्यांच्याइतकं कोणाला जमेल? १९४८ ला त्यांना दोनच सामने मिळाले. पहिल्यात सहा गोल, मग बाहेर, मग थेट वेम्बलीवरचा अंतिम सामना आणि त्यात दोन.

लेफ्ट इन रूपसिंग. मराठी माणसाला हे नाव ग्वाल्हेरच्या स्टेडियममुळे ठाऊक आहे. २०१० साली सचिनने पुरुषांच्या एकदिवसीय सामन्यातलं पहिलं द्विशतक ठोकलं ते कॅप्टन रूपसिंग स्टेडियमवर. मुळात ते हॉकीचं मैदान! आता मैदानावर क्रिकेट आणि पाटीवर हॉकी, एवढंच उरलं होतं. उधमसिंग यांना बाहेर ठेवताना मात्र मला उत्तर सापडत नाही. तीन सुवर्ण, एक रौप्य. तुम्ही त्यांना घेतलंत तर मी भांडणार नाही.

लेफ्ट विंगला झफर इक्बाल, १९८० च्या मॉस्को सुवर्णाचे मानकरी. मोहम्मद शाहिद आणि त्यांची जोडी ज्यांनी पाहिली ते भाग्यवान.

उरली राइट विंग, आणि तिथे धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, आणि ऑलिंपिकचं एकही पदक नाही. उधमसिंगांसारखे चार पदकवाले बाहेर आणि हा आत? हो. कारण १९७६ ला माँट्रियलमध्ये गवत जाऊन कृत्रिम मैदान आलं आणि भारत सातवा आला. चेंडू काठीला चिकटवून नाचवण्याची आपली विद्या एका दिवसात अर्धी झाली, आणि तसली मैदानं आपल्याकडे मुबलक यायला वर्षं लागली. त्या पडत्या काळात पुण्याच्या खडकीतला, मोडक्या काठ्या बांधून शिकलेला हा पोरगा पंधरा वर्षं एकट्याने संघ ओढत होता. १९९८ ला बँकॉकला त्याच्या कप्तानीखाली आपण बत्तीस वर्षांनी आशियाई सुवर्ण जिंकलं, आणि लगेच त्याच्यासह अनेकांना वगळण्यात आलं! २००० ला सिडनीत पोलंडने शेवटच्या दोन मिनिटांत बरोबरी साधली आणि उपांत्य फेरी हुकली. चढत्या काळात पदक संघ देतो. पडत्या काळात एकटा माणूस नुसती पत राखतो, आणि पत मोजायला आकडा नसतो.

तर माझा संघ असा : शंकर लक्ष्मण (कप्तान), जेंटल, पृथीपाल, क्लॉडियस, अजितपाल, गालिबर्डी, धनराज, बाबू, ध्यानचंद, रूपसिंग, झफर इक्बाल. राखीव : श्रीजेश, बलबीर, उधमसिंग, सुरजित, शाहिद, दारा.

महिलांचा संघ मी यात मिसळला नाही. त्यावर वेगळं लिहायचं आहे, एका ओळीत उरकायचा तो विषय नव्हे.

सरदारजी, अँग्लो-इंडियन, झाशीकडचे दोघे भाऊ, महूचा फौजी, अलिगढकडचा झफर, खडकीचा तमिळ घरातला धनराज. ही नावं एका ओळीत लिहिली की हा संघ काय होता ते मला पहिल्यांदा नीट दिसलं. तुमचे अकरा जण कळवा. मात्र लेफ्ट हाफ विसरू नका!