गुर्द : एका नाण्याची हकीगत

आपल्याकडे दशमान नाणी 1957 साली आली. आणे-पै बाद झाले. तरीसुद्धा म्हातारी माणसं पुढं कितीतरी वर्षं पंचवीस पैशांना चार आणे म्हणत होती, आणि 'सोळा आणे खरं' तर आपण अजूनही म्हणतो. नाणे मरते, पण त्याचे नाव जिभेवर जगते. पण जे नाणे सरकारने कधी पाडलेच नाही, ज्याची नोट कधी छापलीच नाही, त्याच्या नावाने रोजचा बाजार चालावा, हे तुम्ही कुठे ऐकले आहे का? कॅरिबियन समुद्रातल्या हैती देशात असा प्रकार आहे. तिथली बाजारकरीण 'दहा डॉलर' भाव सांगते. तो अमेरिकेचा डॉलर नव्हे, बरं का! तो 'हैतीचा डॉलर', म्हणजे पाच गुर्द. तेव्हा दहा डॉलर म्हणजे गिऱ्हाइकाने मोजायचे पन्नास गुर्द. गुर्द हे तिथले खरे चलन. हा न दिसणारा डॉलर आला कुठून, हे समजण्यासाठी दोनशे-सव्वादोनशे वर्षे मागे जावे लागेल.

हैती म्हणजे हिस्पानिओला नावाच्या मोठ्या बेटाचा पश्चिमेकडचा भाग. फ्रेंचांच्या ताब्यात असताना त्याला सँ-दोमँग म्हणत. फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत ती हीच. उसाचे आणि कॉफीचे मळे, आणि त्यांत राबणारे सुमारे पाच लाख आफ्रिकी गुलाम. गंमत अशी की एवढ्या श्रीमंत वसाहतीत फ्रान्सचे स्वतःचे नाणे फारसे दिसत नसे. हिशेब लिहायचा लिव्र आणि सोल या फ्रेंच मापांत, पण हातात खुळखुळायचा तो स्पेनचा चांदीचा जाडजूड पियास्तर. मेक्सिको आणि पेरूकडच्या चांदीचे हे नाणे जगभर फिरे. सुरतेला आणि मुंबईलाही ते येई आणि टाकसाळीत वितळून त्याचे रुपये होत. 'गोर्दा' म्हणजे स्पॅनिशमध्ये जाड, लठ्ठ. त्यावरून या नाण्याला फ्रेंच बोलीत 'गुर्द' म्हणू लागले. सव्वाआठ लिव्र म्हणजे एक गुर्द, असा हिशेब होता. सुटे नाणे मिळेना, तेव्हा वेस्ट इंडीजच्या बेटांवर लोक सरळ छिन्नीने रुपेरी नाण्याचे तुकडे पाडत आणि तुकड्यावर व्यवहार करत.

1791 साली गुलामांनी बंड केले. तेरा वर्षे लढाई चालली. नेपोलियनने पाठवलेली फौज हरली, आणि 1 जानेवारी 1804 रोजी देसालिन याने स्वातंत्र्य जाहीर केले. गुलामांनी बंड करून स्वतःचे राज्य उभे केले, असे जगाच्या इतिहासात दुसरे उदाहरण सापडत नाही.

या नव्या राज्याच्या पैशाबद्दल एक कथा सांगतात. उत्तर भागाचा सत्ताधीश आन्री क्रिस्तोफ याची तिजोरी रिकामी होती. त्याने म्हणे देशातले सगळे तुंबे सरकारजमा केले. तुंब्याशिवाय शेतकऱ्याचे पाणी भरायचे अडले, ताटवाटी अडली. मग राजाने तुंबे देऊन कॉफी घेतली, ती परदेशी विकून सोनेचांदी आणली, आणि फ्रेंचमध्ये तुंब्यालाही 'गुर्द' म्हणतात म्हणून नाण्याचे नाव गुर्द पडले. कथा झकास आहे. पण नाव त्याच्या आधीपासून, वसाहतीच्या हिशेबवह्यांत आहेच. शिक्षकांनी वर्गात ही गोष्ट जरूर सांगावी, मात्र गोष्ट म्हणून. स्वतःचे असे गुर्द हैतीने 1813 पासून चालू केले.

आता मुख्य गोष्ट. स्वातंत्र्य तर मिळवले, पण फ्रान्स ते मान्य करीना. 1825 च्या जुलैमध्ये फ्रेंच आरमाराच्या चौदा लढाऊ गलबतांचा धाक घेऊन बॅरन द माको राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सला आला. हातात राजा दहावा चार्ल्स याचे फर्मान. मळेवाल्यांचे जे नुकसान झाले त्याची भरपाई म्हणून 15 कोटी फ्रँक पाच वार्षिक हप्त्यांत द्या, फ्रेंच मालावर जकात निम्मी घ्या, मग आम्ही तुम्हाला स्वतंत्र म्हणू! नुकसान कसले? तर जमिनीचे, आणि गुलामांचेही. म्हणजे ज्याला विकत घेतले होते त्यानेच आपली किंमत मालकाला परत करायची. अध्यक्ष ब्वाये याने सही केली.

पहिला हप्ता 3 कोटींचा. एवढी रक्कम देशात नव्हतीच. मग पॅरिसच्याच सावकारांकडून 3 कोटींचे कर्ज काढले. खेड्यातला सावकार शंभराचा कागद करून ऐंशी हातावर ठेवतो ना, तसेच इथे झाले. कागदावर 3 कोटी, हाती 2 कोटी 40 लाख. उरलेल्या रकमेसाठी तिजोरी झाडावी लागली. पुढचे हप्ते थकले. 1838 साली फ्रान्सने राहिलेली रक्कम 6 कोटींवर आणली आणि मुदत वाढवून दिली, पण पहिले कर्ज डोक्यावर होतेच.

हे पैसे कुणी भरले? डोंगरउतारावर कॉफी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने. सरकारचे उत्पन्न मुख्यतः जकातीचे, आणि जकातीत मोठा भाग निर्यातीच्या कॉफीचा. चांगली चांदी हप्त्यांपायी बाहेर चालली. देशात मागे काय उरले? कागद. ब्वायेच्या काळातच सरकार नोटा छापू लागले, पुढच्यांनी तर त्याला धरबंधच ठेवला नाही. भाव इतका कोसळला की 1872 साली हिशेब नव्याने मांडताना 300 जुन्या कागदी गुर्दांना एक गुर्द धरावा लागला. घरात साठवलेल्या नोटांच्या चळतीचे असे चिल्लर होऊन गेले. या भागाचा जमाखर्च लिहिणाऱ्यांनी हैतीच्या राज्यकर्त्यांच्या उधळेपणाला दोष दिला आहे. तो खोटा नाही, पण अर्धाच आहे.

1881 च्या सुमारास 'हैतीची राष्ट्रीय बँक' सुरू झाली. नाव राष्ट्रीय, पण भांडवल फ्रेंच आणि मुख्य कचेरी पॅरिसला! पुढे तिच्यात अमेरिकी सावकार शिरले. 17 डिसेंबर 1914 रोजी अमेरिकेचे नौसैनिक भरदिवसा राजधानीत उतरले, बँकेतून 5 लाख डॉलरचे सोने उचलले आणि माचायस नावाच्या गनबोटीने न्यूयॉर्कला पोहोचवले. कागदी चलन सावरण्यासाठी राखून ठेवलेले सोने ते. पुढच्याच वर्षी अमेरिकेने देशाचा ताबा घेतला. तो 1934 पर्यंत राहिला. पाच गुर्द म्हणजे एक अमेरिकी डॉलर हा भाव याच काळात घट्ट बसला. 1922 साली अमेरिकेकडून आणखी कर्ज काढून जुनी देणी फेडली गेली, आणि या साखळीतले शेवटचे देणे 1947 साली फिटले. म्हणजे 1825 पासून मोजले तर 122 वर्षे.

आता तो बाजारातला डॉलर तुमच्या ध्यानात आला असेल. तीन पिढ्या पाचाला एक हा भाव चालला, म्हणून पाच गुर्दांनाच लोक डॉलर म्हणू लागले. 1989 साली हा बांधलेला भाव सुटला. त्यानंतर गुर्द घसरतच गेला. अलीकडच्या वर्षांत एका अमेरिकी डॉलरला शंभराहून अधिक गुर्द पडतात. पण बाजारातला डॉलर आपला पाच गुर्दांचाच राहिला.

फ्रान्सने घेतलेले पैसे परत करावेत, अशी मागणी अध्यक्ष आरिस्तीद यांनी 2003 साली केली. व्याजासह आकडा होता 21 अब्ज डॉलरांहून थोडा जास्त. फ्रान्सने ती मानली नाही. 17 एप्रिल 2025 रोजी त्या फर्मानाला दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी फ्रान्सचे अध्यक्ष माक्राँ यांनी दोन्ही देशांच्या इतिहासकारांचे एक मंडळ नेमण्याचे जाहीर केले. पैशांबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.